पाणबुड्याचे घड्याळ आणि बाईचे घड्याळ

जुन्या घड्याळांच्या शौकिनांत सध्या एक वाद रंगला आहे. 1940 ते 1975 या काळात बनलेली सोन्या-हिऱ्यांची लेडीज घड्याळे लिलावांत भाव खाऊ लागली, पुरस्कार सोहळ्यांना जाणारे नटही ती मनगटावर मिरवू लागले, आणि बघता बघता दोन तट पडले. पहिल्या तटाचे म्हणणे असे की ही मुळात घड्याळे नव्हेतच. दागिन्यात कुठेतरी एक यंत्र बसवले, तबकडी कोथिंबिरीच्या दाण्याएवढी, चष्मा लावूनही वेळ दिसत नाही. यांना घड्याळ म्हणायचे तर मग सबमरीनरला, रोलेक्सच्या पाणबुड्यांसाठीच्या घड्याळाला, काय म्हणायचे? दुसरा तट या घड्याळांचा कैवारी. पण त्यांच्या भात्यात 'कालातीत सौंदर्य' आणि 'उत्तम गुंतवणूक' या दोन बाणांपलीकडे फारसे काही नाही. मला पहिल्या तटाचा इतिहास कच्चा वाटतो आणि दुसऱ्याची बाजू लंगडी. ही पुरती घड्याळे आहेत. शतकाच्या मध्यावर घड्याळकलेपुढे जे काही अवघड प्रश्न उभे होते, त्यांतले बरेचसे या घड्याळांसाठीच सोडवले गेले. आणि ती कालातीत मुळीच नाहीत. एखादे हातात घेतले की दशक सांगता येते, आणि त्यातच त्यांची खरी किंमत आहे.

हा वाद रिकामटेकड्यांचा म्हणून सोडून देता आला असता, पण त्याचे परिणाम मुशीत दिसतात. सोन्याचा भाव चढला की जुनी सोन्याची घड्याळे मोडीत निघतात. आपल्याकडे सराफाच्या पेढीवर जुना दागिना मोडायला नेला की काय होते, ते घरोघरी ठाऊक आहे: वजन होते, घट धरली जाते आणि घडणावळ शून्य होते. जिनिव्हा काय, न्यूयॉर्क काय, रीत तीच. पट्टा कापायचा, यंत्र आणि तबकडी बाजूला टाकायची, सोने वितळवायचे. सोन्याचेच पुरुषी क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेली घड्याळे, मात्र सहसा या वाटेने जात नाहीत, कारण 'ते घड्याळ आहे' यावर सगळ्यांचे एकमत. म्हणजे कोणत्या वस्तूला घड्याळ म्हणायचे या प्रश्नावर ती वस्तू उरणार की नाही हे ठरते.

पहिल्या तटाचे लाडके उदाहरण पाणबुड्यांच्या घड्याळांचे असते. तिथूनच सुरुवात करू. 1953 साली ब्लांपॅन या स्विस कंपनीने 'फिफ्टी फॅदम्स' आणले. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी बनलेले हे घड्याळ आधुनिक डायव्हिंग घड्याळांचा मूळपुरुष मानले जाते, आणि संग्राहक त्याचे नाव आदराने घेतात. याच कंपनीने तीन वर्षांनी, 1956 मध्ये, 'लेडीबर्ड' काढले. त्यातल्या गोल यंत्राचा व्यास 11.85 मिलिमीटर, त्या काळी याहून लहान गोल यंत्र कोणी बनवत नव्हते. त्याभोवती हिऱ्यांची महिरप असलेली घड्याळे निघाली. कंपनी एक, काळ एक, आणि दोन्ही वेळी कंपनीच्या प्रमुखपदी बेट्टी फीश्टर ही एकच बाई, जिने 1933 पासून कारभार हातात घेतला होता. तिच्या कारखान्यात एक बाक खऱ्या घड्याळांचे आणि दुसरे खोट्या घड्याळांचे होते काय? एकाला पाणी आत येऊ द्यायचे नव्हते, दुसऱ्याला जागाच नव्हती. अडचण वेगळी, विद्या तीच.

थोडे आणखी मागे गेले तर पहिल्या तटाची पंचाईत वाढते. मनगटी घड्याळ हा प्रकारच बायकांच्या दागिन्यातून जन्मला. ब्रेगेने नेपल्सच्या राणीसाठी 1810 मध्ये मनगटावर बांधायचे घड्याळ करायला घेतले, ते 1812 मध्ये पुरे झाले. पातेक फिलिपने 1868 मध्ये एका हंगेरियन काउंटेससाठी केले ते चक्क सोन्याचे कडे होते, मधोमध झाकणाखाली तबकडी. पुढची पन्नास वर्षे सभ्य पुरुष खिशातले घड्याळ वापरत राहिला आणि मनगटावर बांधणाऱ्याला बायकी म्हणून हसत राहिला. पहिल्या महायुद्धाच्या खंदकात, एका हातात नकाशा आणि दुसऱ्यात शिट्टी असताना खिशात हात घालणे परवडेना, तेव्हा कुठे हे हसणे थांबले. म्हणजे बायकांचे कडे पुरुषांनी उसने घेतले, त्याला लष्करी चामड्याचा पट्टा लावला, आणि शंभर वर्षांनी तेच पुरुष मूळ मालकिणीला विचारू लागले, हे घड्याळ आहे कशावरून?

तरीही पहिल्या तटाच्या तीन मुद्द्यांत दम आहे. पहिला अचूकतेचा. यंत्र जितके लहान, तितके त्याचे बॅलन्स व्हील, म्हणजे लय धरणारे चाक, हलके. चाक हलके म्हणजे हाताच्या प्रत्येक झटक्याने त्याची लय बिघडणार. स्प्रिंग लहान, म्हणून किल्लीही लवकर उतरणार. ही घड्याळे दुरुस्त करणे म्हणजे कारागिराच्या डोळ्यांची परीक्षा असते. दिवसाला काही मिनिटे मागे-पुढे जाणारे घड्याळ वाईट, असे कोणी म्हटले तर त्यात खोटे काही नाही.

पण अचूकता ही घड्याळकलेची एक कसोटी आहे, एकमेव नव्हे. झेगर-लकुल्त्रने 1929 मध्ये 'कॅलिबर 101' बनवले: लांबी 14 मिलिमीटर, रुंदी 4.8, जाडी 3.4 आणि वजन जेमतेम एक ग्रॅम. 2 जून 1953 रोजी एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकात तिच्या मनगटावर हेच यंत्र चालत होते, हिऱ्यांच्या आत जवळजवळ अदृश्य. इतक्या जागेत पुरते यंत्र बसवून ते चालते ठेवणे ही करामत एखाद्या वेधशाळेच्या अचूकतेच्या स्पर्धेतल्या घड्याळाहून कमी कशी? तिथे सेकंदाच्या अंशासाठी झुंज होती, इथे मिलिमीटरच्या अंशासाठी. आणि व्यवहाराचेच बोलायचे तर आज वेळ मोबाइल सांगतो. सबमरीनर घालून ऑफिसला जाणाऱ्यांपैकी कितीजण पाण्याखाली उतरतात? सुट्टीत हॉटेलच्या तलावात उतरतानाही बरेचजण ते काढून ठेवतात. जे घड्याळ त्याच्या मूळ कामासाठी कोणी वापरत नाही आणि तरी जे मिरवले जाते, त्याला दागिना म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

या मुद्द्याचे सर्वांत चांगले उत्तर मला पियाजेच्या दगडी तबकड्यांत दिसते. ला कोत-ओ-फे या जुरा पर्वतातल्या खेड्यातली ही कंपनी मूळची इतरांना यंत्रे पुरवणारी. 1957 मध्ये तिने '9पी' हे अवघ्या 2 मिलिमीटर जाडीचे, किल्लीचे यंत्र आणले; 1960 मध्ये 2.3 मिलिमीटरचे ऑटोमॅटिक, हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली भरणारे, '12पी'. त्या वेळी याचे कौतुक झाले ते पुरुषांच्या सडपातळ घड्याळांसाठी, शर्टाच्या कफाखाली सरकणाऱ्या. पण पातळपणाचा खरा उपयोग काही वर्षांत बायकांच्या घड्याळांत दिसला. यंत्राने जागा सोडली म्हणून 1963-64 च्या सुमारास पियाजेला तबकडी दगडाची करता आली: लाजवर्द, फिरोजा, ऑनिक्स, मॅलकाइट, जेड, वाघडोळा.

दगडाची तबकडी म्हणजे काय, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पितळेची तबकडी ठोकता येते, छापता येते, हवी तशी वाकवता येते. दगडाचा काप मिलिमीटरहूनही पातळ करावा लागतो आणि मग मधोमध, काट्यांच्या दांड्यासाठी, भोक पाडावे लागते. मॅलकाइट मऊ, त्यात हिरव्या थरांच्या मधे फट असू शकते; लाजवर्दात सोनेरी पायराइटचे ठिपके असतात, त्यांच्या कडेने काप तडकतो. किती काप या भोकाशी येऊन फुटत असतील याची कल्पना ज्याने कधी काचेला ड्रिल लावले आहे त्याला येईल. आणि काप टिकला तरी दुसरा तसाच मिळत नाही, कारण दगडाची रेघ त्याच्या मर्जीची. जॅकलिन केनेडीच्या पियाजेची जेडची तबकडी, भोवती हिरे आणि पाचू, पाहिली की पहिला तट म्हणतो, 'अंक कुठे आहेत?' अंक नाहीत. अंक छापले असते तर दगड कशाला लावला? यंत्र पातळ झाले नसते तर हे घड्याळ मनगटावर डबीसारखे उभे राहिले असते. इथे यंत्रशाळेने सोडवलेला प्रश्न थेट रूपात उमटला आहे, आणि रूपापासून यंत्र वेगळे काढून दाखवा असे म्हणणाऱ्याला ते जमणार नाही.

दुसरा मुद्दा उसन्या यंत्रांचा. बुल्गारीच्या सापाच्या आकाराच्या घड्याळांत यंत्र बुल्गारीचे नसे; झेगर-लकुल्त्र, व्हाशरॉन कॉन्स्टन्टिन, ओदमार पिगे, मोव्हाडो यांच्याकडून ते यायचे. रोमचा जवाहिऱ्या सोन्याचा साप करणार, स्विस घड्याळजी त्याच्या डोक्यात हृदय बसवणार. हे खरे आहे. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्या देव्हाऱ्यातल्या मूर्तींची पाठ उघडून पाहावी. चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरचे '321' यंत्र मुळात लेमानियाचे. रोलेक्स डेटोनात 1988 पर्यंत वाल्जूचे यंत्र होते, त्यानंतर 2000 पर्यंत झेनिथचे. ओदमार पिगेच्या 1972 च्या ज्या रॉयल ओकवर संग्राहक जीव ओवाळून टाकतात, त्याचे यंत्र झेगर-लकुल्त्रच्या आराखड्याचे. स्विस घड्याळधंदा पहिल्यापासून असाच चालत आला: कच्चे यंत्र एका दरीत, तबकडी दुसऱ्या गावात, केस तिसऱ्याकडे, नाव चौथ्याचे. पुरुषाच्या घड्याळात याला परंपरा म्हणायचे आणि बाईच्या घड्याळात उसनवारी, हा कुठला न्याय?

तिसरा मुद्दा मात्र खरोखर बोचरा आहे आणि तो घड्याळतज्ज्ञांचा नाही, समाजाचा आहे. ही घड्याळे बहुतेक वेळा नवऱ्याने किंवा प्रियकराने घेतलेली असत. बाईच्या मनगटावर हिरे चमकले की दिसायची ती पुरुषाची ऐपत. तबकडी इतकी लहान, कारण बाईला वेळ पाहण्याचे काम काय, असा त्यामागचा समज होता. त्या काळच्या शिष्टाचारात संध्याकाळच्या मेजवानीत बाईने घड्याळ पाहणे म्हणजे यजमानाचा अपमान मानला जाई. या सगळ्याला मी नाकारत नाही. दागिन्यांच्या इतिहासावर मालकीहक्काची सावली असतेच.

पण याच शिष्टाचाराने काय घडवले ते पाहा. फ्रान्समधल्या व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सने 1935 मध्ये 'काद्ना' आणले, कुलपाच्या घाटाचे. त्याची तबकडी वरून दिसतच नाही. ती कुलपाच्या कडेला, घालणारीच्या बाजूला तिरकी बसवलेली. समोरच्याला फक्त ब्रेसलेट दिसते, वेळ तिला एकटीला कळते. चाळीस-पन्नासच्या दशकांत गुप्त घड्याळांची लाट आली: झाकण सरकवले की तबकडी, फूल फिरवले की तबकडी. बाईला वेळेशी कर्तव्य नव्हते तर इतकी खटपट कशासाठी? ज्या समाजात तिने वेळ पाहिलेली चालत नव्हती, तिथे तिला वेळ पाहता यावी म्हणून कारागिरांनी हे कपट रचले. आणि भेटवस्तूचा मुद्दा काढायचा तर आपल्या लग्नांतले जावयाचे घड्याळ आठवावे. सायकल, रेडिओ आणि घड्याळ या त्रयीतले ते घड्याळ जावयाच्या हातावर सासऱ्याचीच ऐपत दाखवत असे, मांडवभर ते फिरवलेही जाई. म्हणून ते घड्याळ नव्हे, असे कुठल्या विहिणीने म्हटल्याचे ऐकिवात नाही. आपल्या मध्यमवर्गीय बायकांनी तर हा प्रश्न कधीच निकालात काढला होता: उजव्या हातात बांगड्या, डाव्या हातात घड्याळ, आणि दोन्ही मिळून हात भरला.

आता कैवाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांचा 'कालातीत' हा शब्द या घड्याळांचे जास्त नुकसान करतो. कालातीत म्हटले की का, केव्हा, कशामुळे हे प्रश्न संपतात. उरते ती हौस, आणि हौसेला मोडीत काढायला सराफ पुरेसा असतो.

चाळीसच्या दशकातले घड्याळ घ्या. सोने लालसर किंवा पिवळे, घाट जाडजूड, पूल आणि पायऱ्यांसारखे, मौल्यवान खडे थोडे. ही आवड अचानक कुणाच्या स्वप्नात आली नाही. तीसच्या दशकापर्यंत उंची दागिना म्हणजे प्लॅटिनम आणि हिरे. युद्ध आले आणि स्फोटकांसाठी लागणारे नायट्रिक आम्ल तयार करताना प्लॅटिनम हवे झाले. अमेरिकेने 1942 मध्ये त्याचा दागिन्यांतला वापर बंद केला. मग सोने आले, तेही पुरवून वापरायचे, तांबे मिसळल्याने लाल झालेले. थोडे सोने भरपूर दिसावे म्हणून पोकळ आणि फुगीर घाट आले. ट्युबोगॅस पट्टा याच वळणाचा. वायूच्या लवचिक नळीवरून नाव पडलेल्या या पट्ट्यात सोन्याच्या दोन लांब पट्ट्या एका गाभ्याभोवती अशा गुंडाळतात की कडा एकमेकींत अडकाव्यात. वितळत्या धातूचा डाग देऊन सांधायचे कुठेच नाही. शेवटी गाभा काढून घ्यायचा. उरते ती पोकळ, लवचिक सोन्याची नळी. बुल्गारीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तिलाच मनगटाभोवती गुंडाळून साप केला. पुढे रोममध्ये 'क्लिओपात्रा'च्या चित्रीकरणावेळी एलिझाबेथ टेलरच्या हातात तो दिसला आणि जगभर गेला. कारखान्यातली गॅसची नळी ते क्लिओपात्रा, हा प्रवास कालातीत कसा असेल?

पन्नासच्या दशकात प्लॅटिनम परतले, डिऑरच्या 1947 च्या घेरदार झग्यांबरोबर संध्याकाळची मेजवानी परतली, आणि घड्याळे पुन्हा पांढरी, बारीक, हिऱ्यांनी मढलेली झाली. याबद्दल फार बोलावेसे वाटत नाही. कसब भरपूर, पण त्यातली निम्मी घड्याळे एकमेकींच्या बहिणी आहेत. मोठा पालट साठच्या दशकातला. 1961 मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आधुनिक दागिन्यांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, आणि खड्याच्या किमतीपेक्षा घडणीला मोल द्यावे हा विचार जवाहिऱ्यांत उघडपणे बोलला जाऊ लागला. पातेकमध्ये घड्याळांचे घाट आखणाऱ्या जिल्बेर आल्बेरने त्याआधीच केसची सममिती मोडली होती. अँड्र्यू ग्रिमा हा लंडनचा जवाहिऱ्या, इंजिनियर म्हणून शिकलेला, युद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलेला माणूस, झाडाच्या सालीसारखे खरबरीत सोने ओतू लागला. ओमेगाने त्याला घड्याळांची मालिका दिली, तिचे नाव 'अबाउट टाइम', साल 1970. त्यात त्याने काचेच्या जागी रत्न बसवले. म्हणजे सिट्रिनच्या किंवा टूर्मलिनच्या आरपार पाहून वेळ वाचायची. आजवर रत्न घड्याळाभोवती असे. इथे वेळच रत्नाच्या आत गेली. हिऱ्याच्या कॅरटवर प्रतिष्ठा मोजणाऱ्या पन्नासच्या दशकाला दिलेले हे उत्तर होते, आणि ते बाईच्या घड्याळातून दिले गेले.

यामागे एक रुक्ष आकडाही आहे. 1934 पासून सोन्याचा अधिकृत भाव औंसाला 35 डॉलर असा बांधलेला होता, आणि साठच्या दशकात मजुरी व श्रीमंती दोन्ही वाढत असताना तो तिथेच होता. 1969 मध्ये पियाजेने मनगटभर रुंद सोन्याची कफ-घड्याळे काढली, ती या स्वस्ताईच्या शेवटी. त्याच दशकात आपल्याकडे नेमके उलटे चालले होते. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणले, नवे दागिने 14 कॅरटच्या वर घडवायला बंदी झाली, आणि सोनारांच्या आळ्यांत भाता थंडावला. जिनिव्हाच्या कारागिराने सोन्यावर साल कोरायची आणि पुण्या-मुंबईच्या सोनाराने दुसरा धंदा शोधायचा, हे एकाच वेळी घडले. आवड बदलली असे आपण सहज म्हणतो. बदललेले असतात ते कायदे, भाव आणि धातूंचे साठे, आणि आवड त्यांच्या मागून चालत येते.

1971 मध्ये डॉलरचे सोन्याशी नाते तुटले, जानेवारी 1980 मध्ये सोने 850 डॉलरवर गेले, आणि मधल्या काळात बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनी यांत्रिक घड्याळाची गरजच संपवली. वजनदार सोन्याचे यांत्रिक लेडीज घड्याळ दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडले: चालवायला जुने, वितळवले तर मोलाचे. मुशीत गेलेल्या घड्याळांची मोजदाद कुणी ठेवली नाही, कारण मोजायला आधी त्यांना घड्याळ म्हणावे लागले असते.

म्हणून लिलावाच्या यादीत 'लेडीज गोल्ड रिस्टवॉच, सुमारे 1965, वजन इतके ग्रॅम' असे एका ओळीत उरकले जाते तेव्हा मला चीड येते. पुरुषाच्या क्रोनोग्राफला तिथे यंत्राचा क्रमांक, तबकडीचा प्रकार, काट्यांचा आकार असे अर्धे पान मिळते. हीच माहिती या घड्याळांतही असते. फक्त पाठ उघडावी लागते. जिनिव्हात बनलेल्या केसच्या आत बहुधा किल्लीच्या आकाराचा एक बारीक छाप असतो आणि त्यात एक आकडा. त्या आकड्यावरून केस बनवणारी कार्यशाळा ओळखता येते, यंत्रावरच्या अक्षरांवरून ते कुठून आले ते कळते. तराजूत टाकण्याआधी एवढे वाचून यादीत छापायला लिलावगृहाला पाच मिनिटे लागतील.